पाच लाख एकरांचे खरेदीखत

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ‘रँच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण मिळकती अधूनमधून विक्रीस निघतात आणि त्यांच्या जाहिराती गुळगुळीत कागदावर, उत्तमोत्तम छायाचित्रांसह प्रसिद्ध होतात, त्या पाहून सामान्य वाचकाची अशी समजूत होणे साहजिक आहे, की तेथे विकावयाची मुख्य वस्तू म्हणजे दगडी शेकोटीचा तो प्रशस्त वाडा, पितळी कड्यांची ती लखलखीत पागा आणि टेकडीच्या उतारावर चरणारी ती तकतकीत अंगाची घोडी होत. या व्यवहारांत मुरलेले दलाल मात्र वाड्याकडे सर्वांत शेवटी पाहतात. जमिनीखालच्या तेलावर हक्क कोणाचा, विहिरीचे पाणी किती उपसता येईल, सारा कोणत्या हिशेबाने बसेल, कुंपणाच्या आत दुसऱ्या कोणाची वहिवाट आहे काय, आणि तीन पिढ्यांपूर्वी लिहिलेल्या मृत्युपत्रातील एखादे कलम अजून जिवंत आहे काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर मिळकतीचे मोल ठरत असते. आणि छायाचित्रात यांपैकी काहीच उमटत नाही.

या मिळकती निर्माण कशा झाल्या हे थोडक्यात सांगितल्यावाचून त्यांची विक्री समजणार नाही. दक्षिण टेक्ससमध्ये 1853 साली रिचर्ड किंग नावाच्या एका आगबोटीच्या कप्तानाने जुन्या स्पॅनिश इनामापैकी साडेपंधरा हजार एकर जमीन अवघ्या तीनशे डॉलरांना, म्हणजे एकरी दोन सेंटांहूनही कमी दराने, विकत घेतली. आज त्याच्या वंशजांची किंग रँच सव्वाआठ लाख एकरांची आहे. उत्तर टेक्ससमधील गवताळ मैदानांवर त्या काळी कोणाचेच खरेदीखत नव्हते, कारण तेथे कोमांची लोकांचा वावर होता आणि जमीन विकत घेण्याची वस्तू आहे ही कल्पनाच त्यांच्या व्यवहारात नव्हती. क्वाना पार्कर हा त्यांचा शेवटचा मोठा नायक 1875 साली आपल्या लोकांसह शरण आला. त्याच्या आदल्याच वर्षी जोसेफ ग्लिडन या इलिनॉयमधील शेतकऱ्याने काटेरी तारेचे एकस्व (पेटंट) मिळविले होते. माणसे हटली आणि तार आली, या दोन घटनांनी मिळून मोकळ्या मैदानाची मिळकत झाली. पुढील दशकात स्कॉटलंडच्या डंडी शहरातील भागधारकांनीदेखील टेक्ससच्या गुरांत पैसा गुंतविला. आणि टेक्सस राज्याने तर आपल्या राजधानीचे विधानभवन बांधून देणाऱ्या मक्तेदारांना रोकड रकमेऐवजी तीस लाख एकर जमीन तोडून दिली, तीच पुढे एक्सआयटी रँच म्हणून प्रसिद्धीस आली.

प्रस्तुत लेखात मात्र मी विशेषेकरून वॅगनर रँचची हकीकत सांगणार आहे. एखाद्या घराण्याची जमीन बाजारात का येते, तिच्यात नेमके काय काय सामावलेले असते आणि ती विकली गेल्यावर कोणाचे काय होते, हे तिन्ही प्रश्न त्या एकाच विक्रीत जितके स्पष्टपणे दिसतात तितके अन्यत्र क्वचितच दिसतील.

डॅन वॅगनर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थोड्याशा गुरांनिशी आरंभ केला आणि त्याचा मुलगा विल्यम टॉमस याने तो व्याप रेड नदीच्या दक्षिणेस सहा काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडील सहा तालुक्यांत म्हणावे तसा, पसरविला. तीन उलट्या ‘डी’ अक्षरांचा त्यांचा डाग गुरांच्या अंगावर दिसला, की मालक कोण हे विचारावे लागत नसे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या टॉम वॅगनरने तहानलेल्या गुरांसाठी पाण्याच्या विहिरी खणावयास घेतल्या, तेव्हा पाण्याऐवजी तेल वर येऊ लागले आणि त्याचा मोठा हिरमोड झाला, असे सांगतात. त्याची ती नाराजी आज विचित्र वाटली तरी त्या वेळच्या मानाने ती अगदी यथार्थ होती. मोटारगाड्या अद्याप दुर्मीळ होत्या, आणि पाण्यावाचून गुरे मरत, तेलावाचून कोणीच मरत नसे. 1911 साली त्याच्या मुलीच्या नावाने वसलेल्या इलेक्ट्रा या गावाजवळ मोठे तेलक्षेत्र सापडले आणि गुरांचा धनी तेलाचाही धनी झाला. त्या पैशातून त्याने डॅलस आणि फोर्ट वर्थ या शहरांच्या दरम्यान घोड्यांच्या शर्यतींसाठी आर्लिंग्टन डाउन्स हे भव्य मैदान उभारले. तेव्हा टेक्ससमध्ये शर्यतींवर पैज लावणे कायदेशीरही नव्हते. 1933 मध्ये तशी परवानगी मिळाली आणि 1937 मध्ये ती पुन्हा काढून घेण्यात आली.

घोड्यांचा नाद या घराण्याच्या रक्तातच असावा. टॉमचा मुलगा पॉल याने 1945 मध्ये पोको बुएनो नावाचे एक शिंगरू 5,700 डॉलरांना विकत घेतले. क्वार्टर हॉर्स म्हणून जी अमेरिकन जात आहे, तिचे घोडे पाव मैलाच्या धावेत अत्यंत वेगवान आणि कळपातून एकेक गाय वेगळी काढण्याच्या कामात विलक्षण चपळ असतात. त्या जातीच्या वंशावळींत पोको बुएनो हा एक मूळपुरुषच ठरला. त्याचा एक लाख डॉलरांचा विमा उतरविण्यात आला होता. 1969 मध्ये तो मेला तेव्हा मालकाच्या मृत्युपत्रातील आज्ञेनुसार त्याला उभ्या स्थितीत पुरण्यात आले, आणि रँचच्या प्रवेशद्वारासमोर हमरस्त्याच्या कडेला त्याची शिळा आजही आहे. ज्या प्रदेशात साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंत रणांगणी पडलेल्या घोड्यांच्या कथा अजून सांगितल्या जातात, त्या प्रदेशातील वाचकाला हा सन्मान अतिरेकी वाटणार नाही.

टॉम वॅगनरने 1923 मध्ये सर्व मिळकत एका विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली. वारसांनी तुकडे करून ती विकून टाकू नये असा त्यात उद्देश होता, आणि तो उद्देश जवळजवळ सत्तर वर्षे सफळही झाला. पण वारस वाढतात आणि जमीन वाढत नाही. कालांतराने मालकी दोन शाखांत येऊन ठेपली आणि दोहोंचे बळ सारखे असल्यामुळे कोणाचाच निर्णय चालेना. 1991 मध्ये एका शाखेच्या इलेक्ट्रा वॅगनर बिग्ज या बाईंनी, ज्या स्वतः नामांकित शिल्पकार होत्या, न्यायालयात अर्ज केला, की निधी मोडून मिळकत विकावी आणि रक्कम वाटून द्यावी. दुसऱ्या शाखेला ते मान्य नव्हते. आपल्याकडे भाऊबंदकीचे दिवाणी दावे आजोबांनी लावावेत आणि नातवांनी चालवावेत हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढची कथा ओळखीची वाटेल: दावा वीस वर्षांहून अधिक काळ चालला, तो लावणाऱ्या बाई 2001 मध्ये वारल्या, आणि शेवटी 2014 मध्ये न्यायालयाच्या हुकुमान्वये संपूर्ण रँच विक्रीस काढण्यात आली. मागितलेली किंमत साडेबहात्तर कोटी डॉलर होती.

त्या एका किमतीत काय काय होते? एकाच कुंपणाच्या आत पाच लाख एकरांहून अधिक जमीन. म्हणजे आजच्या मुंबईच्या, शहर आणि उपनगरे मिळून, तिपटीहून मोठा प्रदेश. त्यात सुमारे तीस हजार एकर लागवडीखाली, हजारांवर तेलविहिरी, कित्येक हजार गुरे, सुमारे पाचशे क्वार्टर हॉर्स, तलाव, घरे, आणि तो तीन उलट्या अक्षरांचा डाग. डाग ही तेथे काउंटीच्या दप्तरी नोंदविलेली, विकता येण्याजोगी मालमत्ता असते. फुटबॉल संघांचे आणि इतर अफाट मालमत्तेचे धनी असलेले स्टॅन क्रोएंकी यांनी 2016 च्या आरंभी हे खरेदीखत पुरे केले. प्रत्यक्ष किती रक्कम दिली गेली हे जाहीर झाले नाही.

आता जमिनीखालच्या हक्कांविषयी सांगितले पाहिजे. कारण अशा मिळकतींचे खरे गूढ तेथेच आहे. टेक्ससच्या कायद्याने जमिनीचा पृष्ठभाग आणि तिच्या पोटातील खनिजे या दोन निरनिराळ्या मालमत्ता होऊ शकतात. एखाद्या आजोबाने अडचणीच्या काळात खनिजांचा हक्क विकून टाकलेला असेल, तर नातवाच्या हाती उरतो तो केवळ वरचा थर. आणि नवलाची गोष्ट अशी, की दोहोंमध्ये खनिजाचा मालक वरचढ मानला जातो. तेल काढण्यासाठी वाजवी दृष्ट्या आवश्यक असेल तेवढा रस्ता, तेवढी जागा तो वापरू शकतो, मग पृष्ठभागाच्या मालकाने तेथे घोड्यांसाठी कितीही मनोहर कुरण तयार केलेले असो. म्हणून जाणता खरेदीदार मिळकत पाहण्याआधी वकिलाकडून दप्तर तपासून घेतो. तेथे आपल्या सातबाऱ्यासारखा महसूल खात्याने ठेवलेला उतारा नसतो. जुन्या इनामापासून आजवरच्या प्रत्येक हस्तांतरणाची साखळी जुळवावी लागते आणि तीत एखादा दुवा निसटला असेल तर त्यापोटी विमा उतरविण्याची प्रथा आहे.

पाण्याचा कायदा याहूनही विलक्षण आहे. नदीनाल्यांचे पाणी राज्याच्या मालकीचे. परंतु भूगर्भातील पाणी ज्याच्या जमिनीखाली असेल त्याने ते हवे तितके उपसावे, शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्याची जबाबदारी उपसणाऱ्यावर नाही, असा निर्णय टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 1904 मध्ये रेल्वेच्या एका खटल्यात दिला. अलीकडे स्थानिक भूजलमंडळांनी त्याला काही आवर घातला असला तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत नियम निराळा: ज्याने आधी पाणी वळविले त्याचा हक्क आधीचा, आणि दुष्काळाच्या वर्षी नव्या हक्कदाराचा पाट कोरडा राहिला तरी जुन्याचा पाट वाहता राहिला पाहिजे. तेथे जमिनीच्या खरेदीखतापेक्षा पाण्याच्या हक्काची तारीख अधिक मोलाची ठरते. या नियमांमागे पावसाची टंचाई आहे. टेक्ससच्या पश्चिम भागात एका गाईला आणि तिच्या वासराला वर्षभर जगविण्यासाठी वीस-पंचवीस एकर कुरण सहज लागते. हे एक प्रमाण ध्यानात ठेवले, की लाख लाख एकरांचे आकडे ऐकून जो अचंबा वाटतो तो बराचसा ओसरतो.

साऱ्याचा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे. टेक्ससमध्ये जमीन जोवर शेतीसाठी किंवा गुरे चारण्यासाठी वापरली जाते, तोवर तिच्यावरील कर बाजारभावाने आकारीत नाहीत, तिच्या उत्पन्नक्षमतेनुसार आकारतात. वापर बदलला तर मागील तीन वर्षांचा फरक वसूल होतो. ज्या धनाढ्य गृहस्थाला गुरांच्या धंद्यात यत्किंचितही रस नाही, त्याच्याही कुरणात चार गुरे चरताना दिसतात, त्याचे कारण हे आहे. यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. गवताळ जमीन गवताळ राहावी ही त्या सवलतीमागची मूळ भूमिका, आणि श्रीमंतांच्या मिळकतींतही ती पुष्कळ अंशी साधते.

वॅगनरच्या आसपासच नव्हे, तर सबंध टेक्ससात तोलामोलाची मानली जाणारी दुसरी मिळकत म्हणजे चार सहांच्या डागाची ‘फोर सिक्सेस’ रँच. पत्त्यांच्या डावात हातात चार छक्के येऊन ती जिंकली अशी आख्यायिका रूढ आहे. परंतु विकत घेतलेल्या गुरांबरोबर तो डाग आला हीच हकीकत खरी होय. सॅम्युएल बर्क बर्नेट याने ती उभारली आणि त्याची पणती अ‍ॅन मॅरियन यांनी तिचा लौकिक टिकविला. 2020 मध्ये त्या वारल्या आणि मृत्युपत्रात त्यांनी विक्रीचीच आज्ञा ठेवलेली होती. घराण्याने चालविलेल्या कज्ज्याऐवजी घराण्यानेच घेतलेला निर्णय. सुमारे दोन लाख सहासष्ट हजार एकरांसाठी चौतीस कोटी डॉलरांवर किंमत मागण्यात आली आणि ‘यलोस्टोन’ या दूरचित्रवाणी मालिकेचे कर्ते टेलर शेरिडन यांच्या पुढाकाराने गुंतवणूकदारांच्या एका मंडळाने ती घेतली.

येथवर गुरांच्या रँचविषयी झाले. केवळ घोड्यांसाठी राखलेल्या मिळकतीचा विषय निघाला, की टेक्सस सोडून केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या परिसरात गेले पाहिजे. तेथील जमिनीखाली अतिप्राचीन चुनखडीचा थर आहे. त्यातील कॅल्शियम आणि फॉस्फरस गवतात उतरतात आणि गवतावाटे शिंगरांच्या हाडांत जातात, अशी तेथील अश्वपालकांची शतकभराहून जुनी श्रद्धा असून तिला मृत्तिकाशास्त्राचा आधारही आहे. या भूमीतच कॅलुमेट फार्म आहे. बेकिंग पावडरच्या धंद्यात संपत्ती मिळविलेल्या विल्यम राइट यांनी 1924 मध्ये ते स्थापन केले आणि त्यांचे चिरंजीव वॉरन राइट यांनी त्याला शर्यतीच्या घोड्यांचे तीर्थक्षेत्र बनविले. व्हर्लअवे याने 1941 मध्ये आणि सायटेशन याने 1948 मध्ये अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती एकाच हंगामात जिंकल्या. केंटकी डर्बी तर कॅलुमेटच्या घोड्यांनी आठ वेळा जिंकली. असे वैभव असूनही व्यवस्थापन बदलले, कर्जे बेसुमार वाढली, अ‍ॅलिडार हा पैदाशीचा सर्वांत मौल्यवान घोडा 1990 मध्ये पाय मोडून मेला, आणि पुढच्याच वर्षी फार्मने दिवाळे काढले. 1992 च्या मार्चमध्ये भर लिलावात पोलंडमध्ये जन्मलेल्या हेन्रिक द क्वियाटकोवस्की यांनी ते एक कोटी सत्तर लाख डॉलरांना घेतले आणि पांढऱ्या कुंपणांसह सारे जसेच्या तसे राखले. लिलावाच्या आधी लोकांना धास्ती होती ती कुरणांवर घरांचे प्लॉट पडतील याची. लेक्सिंग्टनने 1958 सालीच शहराच्या वाढीला सीमारेषा आखून दिली होती, आणि पुढे शतकाच्या अखेरीस तर बांधकामाचा हक्क मालकांकडून विकत घेऊन तो कायमचा निजवून ठेवण्याची योजनाही सुरू केली. ज्याने हा हक्क विकला आहे त्याची मिळकत पुढच्या गिऱ्हाइकाला स्वस्त पडते. पण त्याला ती शेती-कुरणासाठीच राखावी लागते. या योजनेसारखी शहाणी योजना या सबंध विषयात मला दुसरी आढळली नाही.

घोड्याचे ठाण कसे असावे हे मात्र देशोदेशी सारखेच. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी जागा, डोक्यावर उंच आढे, आणि वारा सतत खेळता. कारण मूत्रातून सुटणारा अमोनिया घोड्याच्या फुप्फुसांना अपाय करतो. दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी, वजनाच्या शेकडा दीड-दोन इतका सुका चारा, आणि वीस किलोंहून अधिक लिदीची रोजची विल्हेवाट. गुरांना चालणारी काटेरी तार घोड्याला घातक, कारण तो बुजला की तारेतच शिरतो. म्हणून केंटकीत मैलोगणती फळ्यांची कुंपणे दिसतात. मोतद्दार, नालबंद आणि सलोत्री हे तिघे हाताशी असल्यावाचून अशी मिळकत एक महिनाही चालत नाही.

ही माणसे आपल्याकडेही आहेत. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती एके काळी हिंदुस्थानभर होती, तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला अजून घोड्यांचा बाजार भरतो, आणि पुण्याच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे मोठे फार्म आहेत. त्यांपैकी पूनावाला कुटुंबाचे फार्म 1946 चे. तेथील निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला प्रतिविषाच्या सीरमसाठी दिले जात, आणि तेच सीरम आपणच का करू नये या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. पण लाखो एकरांची रँच मात्र महाराष्ट्रात संभवत नाही. 1948 च्या कूळकायद्याने शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, आणि 1961 च्या कमाल धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीचीही मर्यादा 54 एकरांवर आणून ठेवली.

वॅगनर रँचच्या विक्रीतील एक प्रकरण सांगावयाचे राहिले आहे. त्या कुंपणाच्या आत लेक डायव्हर्जन नावाच्या तलावाच्या काठी कित्येक कुटुंबे राहत होती. त्यांत निवृत्त वृद्ध पुष्कळ होते. घरे त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली वा विकत घेतलेली, पण खालची जमीन रँचची, भाडेपट्ट्याने घेतलेली. 2016 मध्ये, मालकी बदलल्यानंतर काही महिन्यांतच, पट्टे पुढे चालू ठेवणार नसल्याची सूचना त्यांना मिळाली आणि 2017 च्या आरंभापर्यंत जागा सोडावयास सांगण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने यात काही चुकले नाही. पट्ट्याची मुदत संपली आणि मालकाने आपला हक्क बजावला. माझे मत असे आहे, की ज्या न्यायालयाने वीस वर्षे दोन श्रीमंत शाखांच्या हिश्शांचा काथ्याकूट ऐकला, त्याच्याच देखरेखीखाली झालेल्या विक्रीच्या अटींत त्या तळ्याकाठच्या लोकांसाठी निदान काही वर्षांच्या मुदतीचे एक कलम घालावयास हवे होते. साडेबहात्तर कोटींच्या मिळकतीचे मोल त्याने कमी झाले नसते. आपल्या कूळकायद्यात दोष पुष्कळ आहेत आणि त्याने जमिनीचे व्यवहार किचकट केले ही तक्रारही खोटी नाही. परंतु तो रद्द करून जमिनीचा बाजार मोकळा करावा असे ज्यांना वाटते, त्यांनी मत बनविण्यापूर्वी लेक डायव्हर्जनच्या भाडेकरूंची ही हकीकत अवश्य विचारात घ्यावी.